नाच नको, बरगड्या नकोत

यमुना गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या डोक्यावर पाव किलो मेंदी होती. नात महिन्यातून एकदा माझ्या डोक्याचं शेत करते, वर जुन्या वर्तमानपत्राची टोपी चढवते आणि मला ओट्यावर उन्हात वाळत घालते. फोन यमुनाच्या भाचीचा, मनीषाचा. "बाई, मावशी उठत नाय. जेवली, जरा पडते म्हणाली..." मी होते तशी निघाले. जव्हारच्या भर बाजारातून एकाहत्तर वर्षांची निवृत्त मुख्याध्यापिका, डोक्यावर वर्तमानपत्र, कपाळावरून हिरवे ओघळ... वाटेत भेटलेल्या दोघा-तिघा माजी विद्यार्थ्यांनी 'नमस्कार बाई' म्हणून घाईघाईनं दुसरीकडं पाहिलं. यमुनाच्या दारात पोचल्यावर मला टोपीची आठवण झाली. तोवर आतल्या सगळ्या बायका रडायच्या थांबून माझ्याकडं बघत होत्या. एकीला हसू फुटलं. मग दुसरीला. मी यमुनाच्या पायाशी बसले, वाकले, आणि मेंदीचा एक थेंब तिच्या पांढऱ्या चादरीवर पडला. तो मी पुसला नाही. ती पांढऱ्यावर पहिला ठिपका कसाही पडू द्यायची, मग तिथून चित्र सुरू करायची.

दिवसकार्य पार पडल्यावर मनीषा घरी आली. मावशीचं घर विकायचं नाही, चित्रं लावून लोकांना बघायला उघडं ठेवायचं, असं तिनं ठरवलं होतं. सुरुवात येत्या रविवारी. तिनं चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, त्यात चहा नव्हता. मग म्हणाली, "बाई, तुमचं लावू का?"

'तुमचं' म्हणजे काय, ते सांगायला हवं. यमुना माणसांची अंगं रंगवायची. उघडी अंगं. दोन वर्षांपूर्वी तिनं माझं रंगवलं, मानेपासून मांडीपर्यंत, मध्ये एकही धागा नाही. मी बसले होते ते एका अटीवर. "मी मेल्यावर लाव. मग लोक काय म्हणतात ते ऐकायला मी कुठं येतेय?" तिनं लगेच मान डोलावली. आधी मीच जाणार ह्यात दोघींनाही शंका नव्हती. मला साखर, मला रक्तदाब, माझे गुडघे कुरकुरणारे. ती सत्तरीत डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरायची. पण क्रम चुकला. आता परवानगी द्यायची ती मी, जिवंतपणी, ह्याच गावात, जिथं भाजीवालीसुद्धा मला बाई म्हणते. माझा मुलगा अवी इथल्याच हायस्कुलात गणित शिकवतो. त्यानं ऐकलं आणि हात जोडले. "आई, माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप येणार तिथं. उद्या फळ्यावर साधं वर्तुळ काढायची सोय राहणार नाही मला." मी मनीषाला म्हटलं, मला चार दिवस दे. आणखी एक गोष्ट मी दोघांनाही सांगितली नाही. ते चित्र मी स्वतःच पाहिलं नव्हतं.

त्या चार दिवसांत मला यमुना पहिल्यापासून आठवत राहिली. वावर गावाच्या बाजूला एका पाड्यावर तिचा जन्म. कधी, ते तिला ठाऊक नव्हतं. "आवणीच्या दिवसांत," एवढंच आई सांगायची. भाताची रोपं लावताना पोर झालं आणि संध्याकाळी आई पुन्हा चिखलात उतरली. जमीन नव्हती. आवणी संपली की आख्खं घर ठाण्या-मुंबईकडं बांधकामावर जायचं. अठरा-एकोणीस वर्षांची यमुना तिथं विटा वाहत होती. तेव्हा चित्रकलेच्या एका शाळेतला शिपाई बाई शोधत आला. नुसतं बसायचं होतं, आणि मजुरी विटांपेक्षा जास्त. यमुना बसली. दोन वर्षं बसली. मधे लाकडी चौथरा, त्यावर ती, अंगावर काही नाही, आणि भोवती वीस-बावीस मुलं. सर सांगायचे, हिच्याकडं माठाकडं बघावं तसं बघा. यमुना हे सांगताना नेहमी कमरेवर हात ठेवायची. "मना माठ समजून बघत होते. मग मी पण एकेक माठ नीट बघून घेतला." कोण ब्रश कसा धरतो, कोण घाबरून फक्त नख रंगवत बसतो, कोणाची नजर कामावर आहे आणि कोणाची नजर कामाच्या नावाखाली भलतीकडं आहे, हे सगळं तिनं त्या चौथऱ्यावरून पाहिलं. ती तिची शाळा. खोपीत परतल्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कागद फाडायची आणि कोळशानं त्या मुलांची तोंडं काढायची. शिकणारे सगळे चौथऱ्याकडं तोंड करून शिकले, ही तेवढी उलट्या बाजूनं शिकली.

तिशीत ती परत आली, जव्हारजवळच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला लागली, गावाच्या कडेला पत्र्याचं घर बांधलं. नाशकाहून रंगाच्या नळ्या मागवायची, त्यात आपला गेरू आणि काजळी मिसळायची. लोकांना वाटलं, आदिवासी बाई चित्रं काढते म्हणजे भिंतीवरची पांढरी माणसं काढत असेल, दोन त्रिकोण आणि एक टिकली. तिला त्या माणसांबद्दल आदर होता, तिची आई लग्नघरांच्या भिंतींवर देवीचा चौक लिहायची. पण तिला हवं होतं मांस. माती लागलेली पोटरी, घामानं चकाकणारा गळा, पाणी पिताना हलणारा कंठ. एकदा तिनं मला सांगितलं, "आमच्याकडं कॅमेरा आला का दोनच गोष्टी मागतो. नाच नायतर बरगड्या. मना दोनी नको. मना असा अंग काढायचा का बघणाऱ्याला वाटला पाहिजे, ह्याला कोणी तरी घरी वाट बघतंय."

बरगड्यांचा विषय निघाला की मी गप्प व्हायचे, कारण तिथं मीही होते. वावर-वांगणीकडं कुपोषणानं मुलं दगावली त्या वर्षांत माझी बदली तिकडच्याच एका शाळेवर होती. गाड्या यायच्या, पाहुणे यायचे. इस्त्रीची साडी नेसलेली ही बाई पुढं व्हायची आणि आयांना सांगायची, पोराला जरा असं धरा, सदरा वर करा, साहेबांना नीट दिसू दे. मला वाटायचं मी मदत करतेय. मदत झालीही असेल थोडी. पण एकाही आईला मी विचारलं नाही, बाई, तुझं काढू का गं? विचारायचं असतं हे मला यमुनानं शिकवलं, आणि तेही माझी भर हॉलमध्ये फजिती करून.

ती फजिती सांगते. त्यानंतर काही वर्षांनी मी जव्हारला आले होते. चाळिशी ओलांडलेली, चष्म्याला साखळी, 'संस्कार' ह्या विषयावर न थांबता पाऊण तास बोलण्याची ख्याती. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या कडेनं जाईन. शाळेच्या हॉलमध्ये तालुक्यातल्या कलाकारांचं प्रदर्शन होतं, संयोजक अर्थात मी. सगळ्यांनी गेरूवर पांढरी चित्रं आणली. यमुनानं काय आणलं? मांजरपाटावर रंगवलेली पुरुषाची उघडी पाठ, हुबेहूब माणसाएवढी. माणूस नांगरावर वाकलेला, चेहरा पलीकडं, मणक्याच्या पन्हळीतून घाम उतरतोय, खांद्याखाली मांसाची एक गाठ ताणलेली. ती पाठ रंगवणाऱ्या हाताला ती आवडली होती, आणि त्या हातानं ते लपवलंही नव्हतं. माझे कान तापले.

"यमुना, इथं मुली येणार आहेत."

"मुली शेतात नाय जात? शेतात दिसते ती पाठ भिंतीवर का नाय दिसावी?"

"शेतात ती काम करत असते."

"हितं पण कामच करते. बघ ना, तुझा तोंड लाल केला."

मी शाळेच्या कपाटातली पांढरी चादर काढली आणि त्या चित्रावर टाकली. विषय संपला, असं मला वाटलं. पण मी हे विसरले की दिवस लग्नसराईचे होते. आमच्याकडं वारल्यांच्या लग्नघरी सवाष्णी भिंतीवर चौक लिहितात आणि वेळ येईपर्यंत त्यावर कापड टाकून ठेवतात. मध्ये देवी असते, ती अशी कोणालाही येता-जाता दाखवत नाहीत. पाड्यांवरून आलेल्या बायका हॉलमध्ये शिरल्या, इतकी चित्रं उघडी, एकच झाकलेलं, त्यावर पांढरं कापड... त्या पदर सावरून त्याच्यासमोर बसल्या. त्यांच्यात एक म्हातारी धवलेरी होती, लग्न लावताना गाणी म्हणणारी. तिनं बारीक आवाजात गाणं धरलं. कोणीतरी चिमूटभर तांदूळ टाकले. मी एका कोपऱ्यातून हातवारे करत होते, अहो उठा, तसं काही नाही ते. माझं कोण ऐकतं? तेवढ्यात उद्घाटनाचे पाहुणे आले. त्यांना वाटलं, गाणं चाललंय, कापड टाकलंय, म्हणजे हेच उघडायचं. त्यांनी मोठ्या अदबीनं चपला काढल्या आणि चादर ओढली.

मग मागून एका बाईचा खणखणीत आवाज, "अगो माय, हा त बाईचा नवरा!"

सगळ्या पुढं सरकल्या. हो गं, डाव्या फऱ्याखालचा तीळ बघ. तो बैलाच्या शिंगाचा व्रण बघ. पोशेऱ्याला आमच्या शेतावर आवणीला येणाऱ्या बायका त्या, दर वर्षी ती पाठ बघत होत्या. हे तालुक्याच्या कचेरीत कारकून, पण पावसाळ्यात रजा टाकून नांगर स्वतः धरायचे. मी वळून पाहिलं. हे चहाच्या टेबलापाशी उभे होते. त्यांनी बशी अगदी आवाज न करता खाली ठेवली. सतरा वर्षांचा संसार, दोन मुलं, आणि आपल्या नवऱ्याची पाठ आख्ख्या हॉलात फक्त मला ओळखू आली नव्हती.

घरी आल्यावर मी आधी यमुनावर चिडले, मग ह्यांच्यावर. हे काहीच बोलेनात, म्हणून आणखी चिडले. तिसऱ्या दिवशी चिडायला माणसं संपली आणि मी एकटी उरले. सासू-सासरे, दीर, मुलं, पाहुणे अशा घरात आम्ही एकमेकांना हातांनी ओळखत होतो, डोळ्यांनी नाही. उजेडात त्यांच्याकडं टक लावून बघणं मला चवचालपणा वाटायचं. "बसलात कसे तिच्यापुढं?" मी विचारलं.

"बसलो कुठं? नांगरत होतो. ती बांधावर आली, म्हणाली, काढू का तुला? म्हटलं, काढ. मग म्हणाली, तुझ्या अंगातलं तुला काय आवडतं सांग, तिथून सुरुवात करते." ह्यांनी मान खाजवली. "मी म्हटलं, पुढचं सगळं मी पाहिलंय, त्यात दम नाही. पाठ बरी असेल, ती मी कधी पाहिली नाही." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बरं वाटलं गं... कोणीतरी बघतंय म्हणून."

मी सरळ आश्रमशाळेत गेले. यमुना मोठ्या पातेल्यात डाळ घाटत होती. "खरं सांग यमे, तुला ते आवडतात?"

"पाठ आवडली. म्हणून काय माणूस मागाय येईन तुझ्या दारी? आंबा बघून तोंडाला पाणी सुटला का आख्खा झाड उपटून नेतो का कोणी?" तिनं पळी ठेवली आणि मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझा सांग. तुला आवडतो का तो?"

इतकी वर्षं मुलांना प्रश्न विचारणारी मी, हा प्रश्न घेऊन घरी आले. हे परसात आंघोळ करत होते. मी पाट घेतला आणि समोर जाऊन बसले. "काय गं, बादली हवी का?" नको म्हटलं. "मग काय?" बघतेय, म्हटलं. त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "ताप आलाय का तुला?" म्हणाले, पण कान त्यांचेही लाल झाले होते... पुढचं लिहीत नाही, हे ज्या पुरवणीत छापून येणार ती आमचा अवी वाचतो.

त्यानंतर यमुनाकडं मी जायला लागले ती जातच राहिले. ती माणसं कशी रंगवते हे बघायला मिळणं हाच एक अभ्यास होता. विचारल्याशिवाय ती रेघ ओढत नसे, आणि सुरुवात नेहमी त्या एकाच प्रश्नानं, तुझ्या अंगातलं तुला काय आवडतं? पुरुष लवकर सांगायचे, छाती, दंड, मिशा. बायका तासन्‌तास गप्प. कोणी विचारलंच नव्हतं कधी. मोखाड्याची एक मजूर बाई दोन दिवस विचार करून म्हणाली, "माझ्या टाचा. कितीही भेगा पडल्या तरी मना कुठं कुठं घेऊन गेल्या." यमुनानं त्या टाचा अशा काढल्या की त्यांच्यावरून हात फिरवावासा वाटे. मुंबईहून चित्रं बघायला कोणी आलं की हमखास म्हणे, ह्यात केवढी वेदना आहे. यमुनाला ह्या वाक्याचा भयंकर राग. "वेदना कुठं दिसली तुम्हाला? ती बाई आताच आंघोळ करून आली, नवरा सुरतेवरून यायचाय, ती वाट बघते. गरिबाचा अंग दिसला का तुम्हाला फक्त दुखणाच दिसतो." पाहुणे वहीत काहीतरी लिहून घ्यायचे. बहुतेक वेदनाच लिहीत असावेत.

आठ वर्षांपूर्वी हे गेले. माणसं येऊन-जाऊन थकली, घर रिकामं झालं, तेव्हा यमुना आली. गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं डोक्यावर. तिनं ते भिंतीला टेकवलं, गोधडी सोडली. ती पाठ. कितीजण मागायला आले होते ती, तिनं दिली नव्हती. "आता तुझी," म्हणाली आणि माझ्याशेजारी भुईवर बसून राहिली. मी त्या चित्राला टेकून बसले, पाठीला पाठ. सध्या ते माझ्या बाहेरच्या खोलीत आहे. सुनेला आधी पाहुण्यांसमोर अवघडल्यासारखं व्हायचं, आता तीच सांगते, हे आमचे सासरे.

मग ती माझ्यामागं लागली. तू कधी बसतेस? मी म्हणे, वजन कमी झालं की. मग म्हणे, पावसाळा संपला की. मग गुडघ्याचं निमित्त. शेवटी एकोणसत्तराव्या वर्षी माझी निमित्तं संपली. दार आतून लावलं, पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत येत होत्या. यमुनाचा बायकांसाठी एक नियम होता, तुझ्या अंगावरून जेवढं उतरेल तेवढं माझ्याही. चौथऱ्यावर ती दोन वर्षं एकटी उघडी बसली होती ना, ते तिला दुसऱ्या कोणावर आणायचं नव्हतं. म्हणजे दृश्य काय, तर दोन म्हाताऱ्या, जन्मल्या तशा, एक पाटावर बसलेली, एक हातात ब्रश घेऊन उभी, दोघींच्या पोटांच्या वळ्या एकमेकींना नमस्कार करतायत. पहिला अर्धा तास आम्ही नुसत्या हसलो. "तुझा काय आवडतो तुला?" तिनं विचारलं. दोन बैठका मी उत्तर शोधत होते. मग म्हटलं, दंड. छत्तीस वर्षं फळा पुसून कमावलेत. तिनं दंडापासून सुरुवात केली.

मधेच एकदा दार वाजलं. सिलिंडरवाला. मी चादर शोधायला धावले, गुडघा आपटला. यमुना शांतपणे ओरडली, "थांब रे, रंग ओला हाय!" तो बिचारा वीस मिनिटं बाहेर सिलिंडरवर बसून राहिला. पण त्या बैठकांत काही क्षण वेगळे होते. ती बोलायची थांबायची, डोळे बारीक करायची आणि माझ्या गळ्याखाली, कुशीवर, मांडीवर तिची नजर फिरायची. तिच्यात कीव नव्हती, आणि माझी समजूत घालणंही नव्हतं. ज्या नजरेनं ती त्या नांगरावरच्या पाठीकडं बघायची त्याच नजरेनं माझ्या एकोणसत्तर वर्षांच्या अंगाकडं बघत होती. असं हवंसं बघितलं जाण्याची मला सवय नव्हती. चित्र झालं, तिनं मला बोलावलं, बघ म्हणाली. मी साडी गुंडाळली आणि म्हटलं, नको. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनं दाखवणारी बाई स्वतःकडं बघायला घाबरली. यमुनानं चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं. "बरा," एवढंच म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं. मी पुढच्या वेळी बघेन, असं दोन वर्षं म्हणत राहिले...

चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. मनीषा भुई सारवत होती. मी म्हटलं, बाहेर जा गं जरा. मग एकटीनं ते चित्र भिंतीपासून फिरवलं.

मला वाटलं होतं, म्हातारपण दिसेल. दिसलं. सुटलेलं पोट, ओघळलेली छाती, मानेच्या घड्या, काहीही वगळलं नव्हतं. पण त्या सगळ्यावर डाव्या बाजूनं ऊन आलं होतं, भाजलेल्या नागलीच्या भाकरीसारखा उबदार रंग, आणि दंड, खरंच सांगते, दंड झकास होते. मग मी चेहऱ्याकडं पाहिलं. मानेपासूनच काढणार म्हणाली होती लबाड, वर चेहरा काढून ठेवला होता. ती बाई सरळ समोर बघत होती. तळणीतून काढलेलं काहीतरी खमंग समोर यावं आणि हात पुढं करायचा मोह व्हावा, तशी. समोर कोण होतं तेव्हा? यमुना. उघडी, ब्रश हातात, कपाळावर गेरू. त्या सगळ्या बैठका मला वाटत होतं, ती मला बघतेय. मीही तिला बघत होते, अशी, इतक्या हावरेपणानं, इतक्या मायेनं, आणि हे मला ठाऊकच नव्हतं. तिला ठाऊक होतं. तिनं ते दोन वर्षं भिंतीकडं तोंड करून जपून ठेवलं. मी तिथं बसून रडले, आणि मग बऱ्यापैकी हसलेही.

मनीषाला हाक मारली. म्हटलं, लाव. खाली माझं नाव घाल, पूर्ण घाल, 'एक वृद्ध स्त्री' वगैरे काही लिहिलंस तर याद राख.

शनिवारी अवी चित्रं लावायला आला. घरात हत्यारं चालवणारा तोच. दारातच म्हणाला, "बाकीची लावून देतो. ते एक सोडून." त्यानं टेप काढली, भिंतीपाशी गेला आणि वैतागला. "हे काय, खिळे कमरेएवढ्यावर? सगळे काढून वर घ्यावे लागतील."

"नको सर," मनीषा म्हणाली. "मावशी चित्र बसून बघायची. बाकीच्यांना पण बसवायची. उभा राहून कोण बघायला लागला तर म्हणायची, काय रे, ढोरं मोजायला आलास?"

अवीनं खोलीभर पाहिलं. चारी भिंतींना तशाच उंचीवर खिळे. काही झिजलेले, काहींवर गेरूची बोटं. मोखाड्याच्या बाईच्या टाचा त्यानं एका खिळ्यावर लावल्या, पाणी पिणारा गळा दुसऱ्यावर, आणि प्रत्येक वेळी सरळ लागलंय का ते बघायला त्याला खाली बसावं लागलं. पाच-सहा चित्रं झाली. मोठी भिंत रिकामी राहिली.

"आणि हे," मी म्हटलं आणि चित्र पुढं ओढलं. तो दाराकडं तोंड करून उभा राहिला.

"आई, नको ना."

"लावू नकोस. बस फक्त. चित्राला काय म्हणायचंय ते तरी ऐक."

तो वळला. काही वेळ वरच्या पत्र्याकडं बघत होता. मग बसला, मांडी घालून, ओल्या सारवणावर, इस्त्रीच्या पॅंटीसकट. मीही भिंत धरून खाली बसले. बाहेर मोटरसायकल गेली, कोणाची कोंबडी दारात येऊन आत डोकावली. अवी बघत होता. आधी चोरून, मग सरळ. बऱ्याच वेळानं त्यानं बोट उचललं, रंगापासून वीतभर लांब थांबवलं.

"ह्या रेघा... पोटावरच्या?"

"वरच्या ताईच्या. खालच्या सगळ्या तुझ्या. तू डोक्यानं मोठा होतास, तेव्हापासूनच."

तो हसला नाही. त्याचं बोट त्या रेघांवरून, हवेतल्या हवेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. मग त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, आणि मनीषाकडं न बघता म्हणाला, "हे जड आहे. एका खिळ्यावर राहायचं नाही."

आणि गुडघ्यावर बसून, त्याच उंचीवर, त्यानं दुसरा खिळा ठोकला.